मॅगी बेलचा आवाज कुठे सापडतो

सत्तरच्या दशकात मॅगी बेल या स्कॉटिश गायिकेचे स्वतःच्या नावाने दोनच स्टुडिओ अल्बम निघाले. १९७४ मध्ये 'क्वीन ऑफ द नाइट' आणि १९७५ मध्ये 'सुइसाइड सॅल'. त्याआधी 'स्टोन द क्रोज' या बँडबरोबर चार, त्यानंतर 'मिडनाइट फ्लायर'बरोबर एक. बाकीचं काम पांगलेलं आहे. रॉड स्टुअर्टच्या एका अल्बमवर काही ओळी, लाँग जॉन बाल्ड्रीबरोबर एक द्वंद्वगीत, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या एका रॉक-ऑपेरात आईची भूमिका, दोन टीव्ही मालिकांची शीर्षकगीतं, बीबीसीच्या टेप. ब्रिटिश ब्लूज-रॉकच्या त्या पिढीत तिच्या तोडीची दुसरी गायिका नव्हती, असं माझं ठाम मत आहे. पण अल्बमची यादी हाती घेऊन कुणी क्रमाने ऐकायला बसलं, तर त्याला ते पटेलच असं नाही. तिचा आवाज सगळीकडे सारखा उतरलेला नाही. कुठे तो पुरता उतरलाय, कुठे अर्धाच, आणि त्याची कारणं माइक, टेप, साथीदार आणि निर्माता यांच्यात शोधावी लागतात.

ग्लासगोच्या मेरीहिल भागात १२ जानेवारी १९४५ रोजी तिचा जन्म झाला. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. दिवसा दुकानांच्या काचेमागे माल सजवून मांडायचा आणि रात्री गायचं, असा दिनक्रम होता. ॲलेक्स हार्वी या ग्लासगोच्याच गायकाच्या कार्यक्रमात ती मंचावर चढून गायली. ॲलेक्सने मग तिची गाठ आपल्या धाकट्या भावाशी, लेस्लीशी घालून दिली. लेस्ली हार्वी तेव्हा 'किनिंग पार्क रॅम्बलर्स'मध्ये गिटार वाजवत होता. मॅगी त्या बँडमध्ये गायला लागली. तो बँड मोडल्यावर ती सॉकीहॉल स्ट्रीटवरच्या लोकार्नो बॉलरूममध्ये आणि पुढे डेनिस्टन पॅलेमध्ये वाद्यवृंदाबरोबर गायली.

नाचघरातली ही वर्षं चरित्र सांगताना एका वाक्यात उरकली जातात. माझ्या मते तिचा आवाज तिथेच घडला. नाचघरात लोक नाचायला येतात, गाणाऱ्याकडे बघायला नाही. मागे ट्रंपेट-सॅक्सोफोनची रांग, समोर शेकडो बुटांचा आवाज, आणि सभागृहाची ध्वनियंत्रणा बेताच्या ताकदीची. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून मंचाच्या कडेला स्पीकर तिरका ठेवायची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. स्वतःचं गाणं कानावर येत नसताना सूर धरायचा तर तो छातीत जाणवणाऱ्या कंपावरून धरावा लागतो. अशा ठिकाणी तयार झालेला गळा खालच्या सप्तकात भरदार होतो, व्यंजनं कडक फेकतो आणि लय कधी सोडत नाही. मॅगी बेलच्या गाण्यात हे तिन्ही गुण शेवटपर्यंत राहिले.

१९६६ मध्ये बॉबी कर या गायकाबरोबर 'फ्रँकी अँड जॉनी' या नावाने तिचं एक एकेरी गाणं (सिंगल) डेका या कंपनीने काढलं. 'आय'ल होल्ड यू' हे ते गाणं तेव्हा चाललं नाही. पुढे जुन्या सोल संगीताच्या शौकिनांनी ते उचलून धरलं. १९६७ मध्ये ती पुन्हा लेस्लीबरोबर आली. त्यांच्या बँडचं नाव होतं 'पॉवर', आणि युरोपातल्या अमेरिकी लष्करी तळांवर आणि क्लबांत ते वाजवत फिरत होते. पीटर ग्रँट आणि मार्क लंडन स्कॉटलंडला जाऊन तिचं गाणं ऐकून आले. ग्रँट म्हणजे 'लेड झेपलिन' या रॉक बँडचा व्यवस्थापक. मार्क लंडनने 'टू सर विथ लव्ह' या गाण्याची चाल बांधली होती. ते गाणं १९६७ मध्ये ग्लासगोच्याच लुलूने गायलं आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेलं. ग्रँटने 'पॉवर'चं नाव बदलून 'स्टोन द क्रोज' केलं. गिटारला लेस्ली हार्वी, बासवर आणि गायला जेम्स ड्यूअर, कीबोर्डवर जॉन मॅगिनिस, ड्रमवर कॉलिन ॲलन.

पहिला अल्बम १९७० चा, निर्माता मार्क लंडन. दुसरी संपूर्ण बाजू म्हणजे एकच रचना, 'आय सॉ अमेरिका', सतरा मिनिटांहून जरा जास्त लांबीची. लेस्ली १९६९ मध्ये 'कार्टून' या स्कॉटिश बँडबरोबर अमेरिकेत वाजवून आला होता, त्या प्रवासातून ही रचना आली. महत्त्वाकांक्षा मोठी आहे, पण मधली बरीच मिनिटं रेंगाळतात. अल्बमचा जीव पहिल्या बाजूला आहे. 'द टच ऑफ युअर लव्हिंग हँड'मध्ये तिचा आवाज अगदी दबका सुरू होतो आणि शेवटाकडे खरखरीत, पूर्ण खुला होत जातो. बाजूच्या शेवटी बीटल्सचं 'फूल ऑन द हिल' आहे, मुळापेक्षा पुष्कळ जड आणि संथ केलेलं.

आता हा असा आवाज टेपवर घ्यायचा म्हणजे काय करावं लागतं, ते बघू.

१९७० च्या सुमारास लंडनच्या स्टुडिओंत आठ ट्रॅकची टेपयंत्रं सर्रास होती आणि सोळा ट्रॅकची नुकती येऊ लागली होती. आठांतले दोन ट्रॅक ड्रमला, एक बासला, एक-दोन गिटारला, एक हॅमंड ऑर्गनला दिले, की गळ्यासाठी एक किंवा दोन उरतात. एका ओळीत कुजबुज आणि पुढच्या ओळीत पूर्ण ताकद असं गाणाऱ्या व्यक्तीच्या आवाजाच्या पातळीत सहज वीस डेसिबलचा फरक पडतो. टेपला वर मर्यादा आणि खाली मर्यादा. पातळी मोठ्या ओळीला बेतून ठेवली, तर कुजबुजीखाली टेपची सळसळ ऐकू येते. कुजबुजीला बेतली, तर मोठ्या ओळीत टेप संपृक्त होते आणि शब्दांच्या कडा बोथट होतात. मधला मार्ग म्हणजे कॉम्प्रेसर. तो मोठा आवाज आपोआप दाबतो. पण दाब सोडायचा वेळ फार कमी ठेवला, तर ओळ संपताच श्वास आणि मागची खोली भसकन वर येते. फार जास्त ठेवला, तर ओळीनंतरचा हळू शब्द गिळला जातो. तिच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत हे दोन्ही दोष अधूनमधून ऐकू येतात. हेडफोन लावून तिच्या ओळींमधल्या जागा ऐका, दोष तिथेच सापडतो.

खरं तर याचं निम्मं काम गायकच करू शकतो, माइकपासूनचं अंतर कमी-जास्त करून. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की पातळी सुमारे सहा डेसिबलने उतरते. म्हणजे ओठ माइकपासून पाच सेंटिमीटरवर असताना कुजबुजायचं आणि मोठ्या ओळीला तीस सेंटिमीटर मागे सरायचं, इतक्याने पंधरा डेसिबल सांभाळले जातात. पण त्याची किंमत असते. एका दिशेने ऐकणारे माइक जवळच्या आवाजातला खर्ज फुगवतात, त्यामुळे जवळ गायलेली ओळ ऊबदार, भरलेली येते आणि लांबून गायलेली तीच ओळ पातळ वाटते. शिवाय लांब गेल्यावर बाजूच्या ड्रमचा आवाज माइकात शिरतो. मंचावर हे सगळं खपून जातं, कारण प्रेक्षक गायिकेला बघत असतो. स्टुडिओत फक्त फरक उरतो. म्हणून स्टुडिओतला अभियंता अशा गायिकेला एका जागी उभं करतो आणि पातळीचा फेडर आपल्या बोटाने वर-खाली करत बसतो. गाणं त्याला पाठ असेल तर काम सुंदर होतं. नसेल तर बोट अर्धा क्षण उशिरा पोचतं आणि ओळीचा पहिला शब्द फुटतो.

पहिल्या दोन अल्बमचं आणखी एक बळ म्हणजे जेम्स ड्यूअर. त्याचा आवाज मऊ, गोल, सोलच्या वळणाचा. मॅगीचा आवाज त्याच्याशेजारी आला की तिची खरखर कमी-जास्त कुठे होते हे स्पष्ट कळतं, कारण कानाला तुलनेला काहीतरी मिळतं. १९७० मध्येच आलेल्या 'ओड टु जॉन लॉ'वर 'सॅड मेरी' आणि पर्सी मेफील्डचं 'डेंजर झोन' ऐकावं. 'डेंजर झोन'मध्ये ती बराच वेळ काहीच जोर लावत नाही. जोर राखून ठेवणं हे तिचं खरं कसब आहे, आणि तिच्याबद्दल लिहिणाऱ्यांनी त्याकडे फार दुर्लक्ष केलं. त्यांना फक्त आरडाओरडा ऐकू आला.

त्या दुर्लक्षाचं कारण अमेरिकी रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन. ४ ऑक्टोबर १९७० रोजी ती गेली, आणि त्यानंतर खरखरीत आवाजाच्या प्रत्येक गोऱ्या गायिकेला तिच्या नावाने ओळखायची सवय संगीत नियतकालिकांना लागली. मॅगी बेलला 'ब्रिटनची जॅनिस' म्हटलं गेलं. ही तुलना कानाला टिकत नाही. जॉप्लिनचा आवाज वरच्या पट्टीत जाऊन फाटतो, एकाच वेळी दोन-तीन सूर ऐकू आल्यासारखा. मॅगीचा भर खालच्या आणि मधल्या पट्टीत असतो. खरखर बहुधा ओळीच्या शेवटी, लांबवलेल्या स्वरावर येते आणि स्वर मात्र जागचा हलत नाही. दोघींचं समान असलेलं एक गाणं आहे, डॅन पेन आणि स्पूनर ओल्डम यांचं 'अ वुमन लेफ्ट लोनली'. जॉप्लिनचं १९७१ च्या 'पर्ल'वर, मॅगीचं 'क्वीन ऑफ द नाइट'वर. लागोपाठ ऐकली तर दोन वेगळ्या घराण्यांच्या गायिका ऐकल्यासारखं वाटतं.

१९७१ च्या 'टीनेज लिक्स'पर्यंत ड्यूअर आणि मॅगिनिस गेले होते, त्यांच्या जागी बासवर स्टीव्ह थॉम्पसन आणि कीबोर्डवर रॉनी लेही आले. ड्यूअर पुढे गिटारवादक रॉबिन ट्रॉवरबरोबर नावारूपाला आला. दुसरा गायक गेल्यामुळे सगळं वजन मॅगीवर पडलं. माझ्या दृष्टीने या बँडचा हा सर्वांत नेटका अल्बम आहे. गाणी आखूड झाली, लेस्लीची गिटार तिच्या ओळींना उत्तरं द्यायला लागली. 'बिग जिम सॉल्टर'मध्ये हे देणं-घेणं उत्तम जमलंय. याच काळात 'मेलडी मेकर' या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाच्या वाचकांच्या कौलात ती गायिकांमध्ये अव्वल ठरत होती.

३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सीच्या टॉप रँक सभागृहात लेस्ली हार्वीने ओल्या हाताने माइक धरला. माइकचं अर्थिंग नीट नव्हतं. शॉक बसून तो मंचावरच गेला. त्याचं वय २७ होतं, आणि तो मॅगीचा जोडीदार होता.

हा अपघात 'दुर्दैवी' म्हणून पुढे जाण्यासारखा नाही, त्यामागची यंत्रणा प्रत्येक वाजवणाऱ्याला कळायला हवी. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलच्या बाहेरच्या जाळीमधून ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात, आणि तो सांगाडा तीन पिनांच्या प्लगमधून जमिनीला. माइकची जाळीही तशीच, केबलमधून ध्वनियंत्रणेच्या सांगाड्याला. दोन्हीकडचं अर्थिंग शाबूत असेल, तर तारा आणि माइक यांच्यात विद्युतदाब नसतो. एका बाजूचं अर्थिंग तुटलं आणि त्याच यंत्रात आतला फेजचा संपर्क सांगाड्याशी आला, तर तो सांगाडा २४० व्होल्टपर्यंत चढतो. यंत्र मात्र चालूच राहतं, आवाजही नीट येतो, म्हणून कुणाला काही कळत नाही. एका हातात तारा आणि दुसऱ्या हातात किंवा ओठांवर माइक आला की परिपथ पूर्ण होतो, आणि तो छातीतून जातो.

कोरड्या त्वचेचा रोध अनेक हजार ओहम असतो, म्हणून कधी कधी नुसता चटका बसून माणूस वाचतो. घामाने किंवा पाण्याने भिजलेल्या हाताचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. २४० व्होल्टला हजाराने भागा, जवळपास पाव अँपिअर. दहा-पंधरा मिलिअँपिअरपुढे हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. शंभर मिलिअँपिअरच्या आसपास हृदयाची लय बिघडते. ब्रिटिश प्लगमधला १३ अँपिअरचा फ्यूज पाव अँपिअरने उडायचा प्रश्नच नसतो. फ्यूज वायर वाचवतो, माणूस नाही.

मग अर्थिंग काढतंच कोण? वाजवणारेच. गिटारचा ॲम्प्लिफायर आणि ध्वनियंत्रणा दोन वेगळ्या ठिकाणच्या सॉकेटवर लावली की अर्थच्या तारांचं वेटोळं तयार होतं आणि स्पीकरमधून ५० हर्ट्‌झची घुमघुम येते. प्लगमधली अर्थची तार सोडवली की घुमघुम थांबते. तो सोपा उपाय फार वर्षं फार लोकांनी केला. बरोबर उपाय वेगळे आहेत. मंचावरची सगळी यंत्रं एकाच जागेवरून, एकाच फेजवर घ्यायची, कारण दोन फेजांमध्ये ४१५ व्होल्ट असतात. घुमघुम आली तर डीआय बॉक्सवरचा (वाद्याचा सिग्नल ध्वनियंत्रणेला जोडणाऱ्या पेटीवरचा) ग्राउंड-लिफ्टचा खटका वापरायचा. तो फक्त सिग्नलच्या केबलची जाळी तोडतो, प्लगच्या अर्थला हात लावत नाही. पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका, बसवायचा. आणि ओठ माइकला लावण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला लावायचं. दोन-चार व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर वाजवायचं नाही, आधी बिघाड शोधायचा. आपल्याकडचा पुरवठाही याच जातीचा, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ. गणपतीच्या मंडपात किंवा ऑर्केस्ट्राच्या मंचावर अर्थची पिन काढलेला प्लग दिसला, तर तो बदलल्याशिवाय गायकाला माइक देऊ नये.

लेस्ली गेला त्या वेळी बँडचा चौथा अल्बम 'कंटिन्युअस परफॉर्मन्स' अर्धामुर्धा तयार होता. नावाच्या सुरुवातीचं 'सी' अक्षर मुखपृष्ठावर मुद्दाम गाळलेलं आहे. जिमी मॅकलक हा ग्लासगो परिसरातलाच, विशीही न गाठलेला गिटारवादक आला आणि त्याने उरलेली गाणी पुरी केली. १९७२ मध्ये अल्बम आला आणि ब्रिटनच्या खपाच्या यादीत ३३ व्या क्रमांकापर्यंत गेला. शेवटचं 'सनसेट काउबॉय' हे लेस्लीसाठीचं गाणं आहे. त्यात ती मोठ्याने गाऊन दुःख दाखवत नाही, आणि म्हणूनच ते ऐकवत नाही इतकं खरं आहे. १९७३ मध्ये बँड थांबला. मॅकलक पुढे पॉल मॅकार्टनीच्या 'विंग्ज'मध्ये गेला.

यानंतर ॲटलांटिक कंपनीने तिला न्यूयॉर्कला निर्माता जेरी वेक्सलरकडे दिलं. अरेथा फ्रँकलिनची मोठी ध्वनिमुद्रणं वेक्सलरच्या देखरेखीखाली झाली होती. डस्टी स्प्रिंगफील्डचा 'डस्टी इन मेंफिस'ही त्याचाच, आणि लुलूचा 'न्यू रूट्स'ही. 'क्वीन ऑफ द नाइट'साठी कॉर्नेल डुप्री, चक रेनी, स्टीव्ह गॅड यांच्यासारखे वादक बसले. कागदावर याहून चांगली जुळणी होणार नाही. अल्बम निर्दोष आहे, प्रत्येक वाद्य स्वच्छ ऐकू येतं, कॉम्प्रेसरचे ते जुने दोष औषधालाही नाहीत.

तरीही मला तो कुठेतरी आखडलेला वाटतो, आणि कारण तालात आहे. न्यूयॉर्कचे हे वादक ठोक्याच्या किंचित मागे वाजवतात. सोल संगीताची ऐट त्यातच आहे. मॅगी नाचघरांतून आणि लेस्लीच्या गिटारबरोबर घडली होती. ती ओळ ठोक्यावर किंवा केसभर आधी टाकते आणि मागच्यांना ओढून नेते. 'स्टोन द क्रोज'चे वादक त्या ओढीबरोबर धावायचे. गॅड आणि रेनी धावत नाहीत, जागेवर ठाम राहतात. त्यामुळे जे. जे. केलच्या 'आफ्टर मिडनाइट'सारख्या मुळातच आरामशीर गाण्यात सगळं छान बसतं, पण जिथे तिला भडकायचंय तिथे पायाखालची जमीन साथ देत नाही. सर्वांत यशस्वी आहेत ती संथ गाणी: 'अ वुमन लेफ्ट लोनली', जॉन प्राइनचं 'सुव्हनियर्स', 'ॲज द इयर्स गो पासिंग बाय'. ही तीन ऐकायला मिळावीत म्हणून हा अल्बम घरात असायला हवा.

'सुइसाइड सॅल'वर मार्क लंडन परत आला, वादक ब्रिटिश, आणि ओढ परत आली. अमेरिकेत तो लेड झेपलिनच्या 'स्वान साँग' या लेबलवर निघाला. लेड झेपलिनच्याच जिमी पेजने 'इफ यू डोन्ट नो' आणि 'कमिंग ऑन स्ट्राँग' या दोन गाण्यांत गिटार वाजवलीय. शीर्षकगीत म्युझिक हॉलमध्ये, म्हणजे गाणी-नकलांच्या जुन्या ब्रिटिश रंगमंचावर, काम करणाऱ्या तिच्या मावशीवर आहे. 'फ्री' या बँडचं 'विशिंग वेल' तिने त्यांचा गायक पॉल रॉजर्सच्या मुळाला जराही न भिता घेतलंय. एकच अल्बम विकत घ्यायचा असेल तर हा घ्यावा. गाण्यांची निवड मात्र इथेही भेळमिसळ आहे. तिला स्वतःसाठी लिहिणारा कायमचा गीतकार मिळाला नाही, दर वेळी दुसऱ्यांच्या गाण्यांतून वेचावं लागलं, आणि विक्री न होण्यामागे मला हेच मुख्य कारण वाटतं.

पांगलेल्या कामातलं पहिलं रत्न १९७१ चं आहे. रॉड स्टुअर्टच्या 'एव्हरी पिक्चर टेल्स अ स्टोरी' या शीर्षकगीतात मागून जो बाईचा आवाज त्याच्या खांद्याला खांदा लावून गातो, तो मॅगीचा. श्रेयनामावलीत तिचं काम 'व्होकल अब्रेसिव्हज' असं नोंदवलंय. रॉडचा आवाजही खरखरीत, त्यामुळे दोघांची खरखर एकमेकींत मिसळून जाऊ शकली असती. पण ती ठोक्यावर नेमकी येते आणि वेगळी उठून दिसते. त्याच वर्षीच्या लाँग जॉन बाल्ड्रीच्या 'इट एन्ट ईझी'वर 'ब्लॅक गर्ल' हे दोघांचं द्वंद्वगीत आहे. साथ अगदी मोजकी, गळे दोन. तिचा गळा खरा कसा होता हे ऐकायला याहून मोकळी जागा क्वचित मिळते. १९७२ मध्ये लू राइझनरने 'द हू' या बँडचं रॉक-ऑपेरा 'टॉमी' लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राला घेऊन केलं, त्यात आईचं काम तिला मिळालं. तिथे ती अदबीने गाते, ऑर्केस्ट्रा लिहिलेल्या स्वरलिपीबाहेर जात नाही आणि तिलाही जाऊ देत नाही.

टीव्हीने तिला घराघरांत पोचवलं. १९७८ मध्ये 'हेझेल' या गुप्तहेर मालिकेचं शीर्षकगीत तिने गायलं, चाल 'रॉक्सी म्युझिक'च्या अँडी मॅकाय याची. एकेरी गाणं ३७ व्या क्रमांकापर्यंत गेलं. पुढे ग्लासगोतल्या पोलिसांवरच्या 'टॅगर्ट' या मालिकेसाठी माइक मोरनचं 'नो मीन सिटी' तिने गायलं. ही मालिका १९८३ मध्ये सुरू झाली आणि २०१० पर्यंत चालली, त्यामुळे तिचं नावही माहीत नसलेल्या लाखो लोकांना तिचा आवाज पाठ आहे. त्या काळच्या टीव्ही संचात हातभरही नसलेला एकच स्पीकर असायचा. खर्ज त्यातून जवळपास येतच नसे. तिच्या आवाजातला खरखरीत भाग दोन ते चार हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात येतो, आणि लहान स्पीकर नेमका तोच पट्टा नीट वाजवतो. शीर्षकगीताला मिनिटभरही मिळत नाही, पहिल्याच शब्दाला पकड घ्यावी लागते. नाचघरात शिकलेली बाई तिथे कमी पडणार नव्हती.

तिचं सर्वाधिक खपलेलं एकेरी गाणं मात्र बी. ए. रॉबर्टसनबरोबरचं 'होल्ड मी', १९३३ चं जुनं गाणं, १९८१ मध्ये ११ व्या क्रमांकावर गेलेलं. हसतखेळत गायलंय, त्याहून जास्त त्यात काही नाही. त्याच वर्षी 'मिडनाइट फ्लायर'चा अल्बम आला, निर्माता 'बॅड कंपनी'चा मिक राल्फ्स. दणकट, सरळ रॉक. गिटारच्या भिंतीत तिचा मधला पट्टा दाबला गेलाय. १९८३ मध्ये 'स्वान साँग' लेबलच बंद झालं.

जुन्या एलपी शोधणाऱ्यांसाठी थोडं. एलपीच्या बाहेरच्या कडेला खोबणीचा वेग सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर असतो, आतल्या कडेला २० च्या जरा वर. त्यामुळे आतल्या गाण्यांतले वरचे सूर दाटीने कोरले जातात आणि झिजलेल्या सुईने तेच आधी खराब होतात. खरखरीत आवाजात वरचे सूर भरपूर. म्हणून 'स्टोन द क्रोज'च्या पहिल्या अल्बमची वापरलेली प्रत घेताना पहिल्या बाजूचा शेवट, म्हणजे 'फूल ऑन द हिल', वाजवून बघावा. 'स', 'श' तिथे फरफरत असतील तर प्रत झिजलेली आहे, आधीची गाणी कितीही स्वच्छ वाजोत. सीडीवर हा प्रश्न नाही. आणि बीबीसीसाठी केलेली ध्वनिमुद्रणं सीडीवर निघाली आहेत, ती सोडू नयेत. बीबीसीत एका बैठकीत तीन-चार गाणी उरकायची असत, वरून थर चढवायला वेळ नसे. बँड एकत्र वाजवतो, गायिका त्याच क्षणी गाते. अभियंत्याला फार काही करता आलं नाही, हेच तिच्या आवाजाच्या पथ्यावर पडलं.

मधली अनेक वर्षं हॉलंडमध्ये काढून ती ब्रिटनला परतली आणि २००६ मध्ये 'ब्रिटिश ब्लूज क्विंटेट'मध्ये आली. झूट मनी, कॉलिन हॉजकिन्सन, मिलर अँडरसन, आणि ड्रमवर पहिल्या अल्बमपासूनचा कॉलिन ॲलन. २००७ चं 'लाइव्ह इन ग्लासगो' साठी ओलांडलेल्या मॅगीचं आहे. पट्टी उतरलीय, वरच्या जागा ती आता घेत नाही, खरखर आधीपेक्षा लवकर येते. पण ओळ ती अजून ठोक्याच्या केसभर आधीच टाकते, आणि ॲलनला ते ठाऊक असल्याने तो बरोबर पुढे सरकतो.